जंतांवर अल्बेंडाझोल की मेबेंडाझोल?

लांब गोल जंतांवर दोन्ही गोळ्या जवळपास सारख्याच चालतात. फरक पडतो अंकुशकृमीत. हे जंत अनवाणी पायांच्या कातडीतून शिरतात, आतड्याला चिकटून रक्त पितात आणि अंग पांढरं पडतं. इथे अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची एकच गोळी बहुतेकदा पुरते. मेबेंडाझोलचा ५०० मिलिग्रॅमचा एकच डोस बराच कमी पडतो. ते १०० मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ तीन दिवस घ्यावं लागतं, आणि पोट शांत झालं की घरात तिसरा दिवस हमखास राहून जातो. म्हणून आमचा कौल अल्बेंडाझोलला.

राष्ट्रीय जंतनाशक दिनाला अंगणवाडीत, शाळेत तेच देतात: १ ते २ वर्षांच्या बाळाला अर्धी गोळी, पुढे पूर्ण. लहानग्याला गोळी चुरा न करता कधीच देऊ नका, घशात अडकते. दोन चमच्यांमध्ये दाबून चुरा करा, पाण्यात कालवून पाजा. मोठ्या मुलांनी चावून खावी.

चाबूककृमीवर एका डोसात दोन्ही लंगड्याच, तिथे तीन दिवसांचा कोर्स लागतो.

रात्री शौचाच्या जागी खाज सुटते ते सूतकृमी. दोन्ही औषधं चालतात, पण अंडी वाचतात; दोन आठवड्यांनी पुन्हा डोस, तोही अख्ख्या घराला.

गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत दोन्ही टाळा. आकडी येत असेल तर अल्बेंडाझोल आधी डॉक्टरांना विचारूनच घ्या: मेंदूत पट्टकृमीच्या गाठी असल्या तर त्या मरताना सूज येते आणि झटके वाढतात.