सहा इंची वाचनयंत्र, अकरा महिने वापरून: चार तारे

हे ई-बुक वाचायचं यंत्र मी घेतलं ते हॉस्पिटलात रात्री काढायला. आबांच्या खोलीत रात्री दिवा लावता यायचा नाही आणि मोबाइलचा उजेड थेट त्यांच्या डोळ्यांवर जायचा. कंपनीचं नाव लिहीत नाही. पुढे जी भानगड सांगणार आहे, तीत दोष यंत्राचा किती आणि आमचा किती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आधी चांगलं सांगते. पडदा चमकत नाही, कागदासारखा दिसतो. उजेड पिवळसर करता येतो आणि इतका मंद की शेजारच्या खाटेवरचा माणूस कूस बदलत नाही. एका हातात सहज मावतं, दुसरा हात रोग्याच्या हातावर ठेवायला मोकळा. एकदा चार्ज केलं की तीन आठवडे बघायला नको. कॉपीराइट संपलेली जुनी इंग्रजी पुस्तकं फुकटात टाकून घेता येतात. मराठीची मात्र बोंब. शब्दकोश नाही, आणि बाहेरून टाकलेल्या फाइलीत निम्मी जोडाक्षरं पाय मोडून पडलेली.

आता भानगड. यंत्र मिटवलं की पडद्यावर चालू पुस्तकाचं मुखपृष्ठ दिसत राहतं. ही सोय आधीपासूनच चालू असते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि माहितीपत्रक मी वाचलं नव्हतं. मी वाचत होते टॉलस्टॉयची 1886 सालची लघुकादंबरी, 'द डेथ ऑफ इव्हान इलिच', लुईझ आणि एल्मर मॉड या नवरा-बायकोच्या इंग्रजी अनुवादात. सकाळी यंत्र आबांच्या उशीशी ठेवून चहा आणायला खाली गेले. वर आले तर आबा जागे. चष्मा लावून त्या पडद्याकडे बघत होते. 'डेथ' हा शब्द लांबूनसुद्धा वाचता येईल एवढा मोठा.

आमच्या घरात त्या वेळी हा शब्द कुठल्याच भाषेत उच्चारायचा नाही असं ठरलं होतं. पुण्याच्या डॉक्टरांनी आकडा सांगितला होता, महिन्यांचा. दादा म्हणाला, "आबांना काही कळता कामा नये. खचतील." आई म्हणाली, तू म्हणशील तसं. आबांना सांगितलं, लिव्हरला सूज आहे, पथ्य पाळलं की उतरेल. फाइलीवर कॅन्सर विभागाचं नाव छापलेलं होतं, म्हणून दादाने तिला खाकी कागदाचं कव्हर घातलं. जूनमध्ये शाळेच्या पुस्तकांना घालतात ना, तसं. कोपरे दुमडून, चिकटपट्टी लावून, अगदी निगुतीने. आबांनी बघितलं आणि एवढंच विचारलं, "नवीन इयत्ता का?"

आबा साताऱ्याच्या कोर्टात शिरस्तेदार होते. आयुष्यभर फाइली बघितलेला माणूस. कव्हर घातलेल्या फाइलीत काय असतं, हे त्यांना आम्ही सांगायचं?

त्या सकाळी त्यांनी यंत्र मागून घेतलं. मी घाईघाईने म्हणाले, "आबा, ते काही खास नाही, रशियन आहे." म्हणाले, "कोण होता हा इलिच?" जज होता, असं तोंडातून निघून गेलं. मग काय, सुटलंच. अक्षर सगळ्यात मोठं करून रोज चार-पाच पानं वाचू लागले. (अक्षर मोठं केलं की एका पानावर जेमतेम पन्नासेक शब्द मावतात, पान सारखं उलटावं लागतं. म्हाताऱ्या बोटांचा स्पर्श पडदा कधी कधी ओळखत नाही. ही खरी तक्रार समजा.)

गोष्ट थोडक्यात अशी. इव्हान इलिच नव्या घरात पडदे कसे लावायचे ते कामगाराला दाखवायला शिडीवर चढतो, पाय घसरतो, कुशीला मुका मार लागतो आणि तिथून दुखणं सुरू होतं. डॉक्टरकडे जातो. त्याला एकच विचारायचं असतं, माझं गंभीर आहे की नाही? डॉक्टर त्या प्रश्नाला हातच लावत नाही. जागची हललेली किडनी, जुना कॅटार (आतल्या अस्तराची सूज) आणि अपेंडिक्स यांच्यात निवाडा करत बसतो. इव्हानच्या लक्षात येतं की आपण आरोपींसमोर जसा चेहरा करतो, तसाच चेहरा हा आपल्यासमोर करतोय. आबा इथे इतके हसले की सिस्टर बघायला आली. "अगदी आमचे साहेब गं," म्हणाले.

सातव्या प्रकरणात पुस्तक खऱ्या दुखण्यावर बोट ठेवतं. सगळे मिळून एक खोटं धरून बसलेत: हा मरत नाहीये, नुसता आजारी आहे, गप्प पडून औषधं घेतली की होईल बरा. इव्हानला दुखण्याहून या खोट्याचा जास्त छळ होतो. खोटं बोलत नाही तो फक्त गेरासिम, घरकामाला असलेला खेड्यातला पोरगा. मालकाचे पाय आपल्या खांद्यावर घेऊन रात्र रात्र बसतो आणि सरळ म्हणतो, मरायचं सगळ्यांनाच आहे, मग थोडा त्रास घेतला तर काय बिघडलं?

टॉलस्टॉय इथे घरच्यांवर फार कडक आहे, हे मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. इव्हानची बायको खोटं बोलते ती स्वतःच्या सोयीसाठी. आमचा दादा सोयीसाठी बोलत नव्हता. तो बाथरूममध्ये नळ सोडून रडायचा. पण खाटेवरून हा फरक दिसतो का? आणि एक गोष्ट वाचताना सहज निसटते. 'आता पुरे करा हे खोटं' हे शब्द इव्हानच्या अगदी ओठावर येतात, पण तो बोलत नाही. तोही त्या खोट्याला सामील. आबाही आईला रोज सांगायचे, आज भूक चांगली लागली. घास उशीखालच्या रुमालात निघायचे. धुणं मी करायचे, म्हणून मला माहीत.

तर एका रात्री दादा पायथ्याशी बसला होता. आबांच्या पायांना सूज होती. आबा म्हणाले, "बाळू, पाय जरा उचलून धर. खांद्यावर घेतलेस तरी चालतील." दादाने पुस्तक वाचलं नव्हतं, त्याला संदर्भ कळला नाही, पण पाय उचलून खांद्यावर घेतले. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग आबा म्हणाले, "आता त्या फाइलीचं कव्हर काढ. उकडत असेल तिला."

दादाने पाय खाली ठेवले नाहीत. कव्हर मी काढलं. चिकटपट्टी ओढताना फाइलीवरची अर्धी अक्षरंही निघून आली.

नंतर मी याच यंत्रावर इब्सेन या नॉर्वेच्या नाटककाराचं 1884 सालचं 'द वाइल्ड डक' हे नाटक वाचलं, दादाची बाजू समजावी म्हणून. तिथे ग्रेगर्स नावाचा सत्याचा भक्त मित्राच्या संसारात खरं ओतत सुटतो आणि शेवटी चौदा वर्षांची हेडविग स्वतःवर गोळी झाडून घेते. त्यातला डॉक्टर रेलिंग सांगतो की साध्या माणसाकडून त्याचं जगण्याचं खोटं काढून घेतलंत तर त्याचं सुखही जातं. दादाला वाचायला दिलं. म्हणाला, "बघ, मी सांगत होतो." मी म्हटलं, ग्रेगर्सला कुणी काही विचारलं नव्हतं. आबांनी मात्र स्वतःहून कव्हर काढायला सांगितलं. यावर आमचं अजून एकमत नाही.

आबा श्रावणात गेले. यंत्रावर त्यांचं पुस्तक आठव्या प्रकरणाच्या सुरुवातीला थांबलंय, म्हणजे इव्हानचा शेवट त्यांनी वाचला नाही. मुखपृष्ठ दिसण्याची सोय सेटिंगमधून बंद करता येते, एका मिनिटाचं काम आहे, घरात आजारी माणूस असेल त्यांनी आधी तिथे जाऊन बघावं. शिवाय कोशात बघितलेल्या शब्दांची यादीही यंत्र ठेवतं, हेही मला नंतर कळलं. आबांनी एकूण अकरा शब्द बघितले होते. त्यात 'पूफ' (बसायचं बुटकं गादीचं आसन) होता, 'कॅटार' होता. 'डेथ' दोनदा होता.

एक तारा मराठी शब्दकोश नाही म्हणून कापला. चार्जिंगची वायरही आखूड आहे, खाटेपर्यंत पोचत नाही.