सेकंडहँड मोटरहोम: भिंतीतली ओल आणि बुरशी, एका हिवाळ्यानंतर

फोर्ड ई-४५० चॅसिसवरची क्लास सी (ड्रायव्हरच्या कॅबवर बेड असलेली मोटरहोम), सिएटलच्या पावसात ऑक्टोबर ते मार्च वापरलेली. इंजिनाबद्दल तक्रार नाही. लिहायचंय ते भिंतीबद्दल, कारण घेताना बहुतेक जण टायर आणि ओडोमीटर बघतात नि भिंतीवर दोन थापा मारून मोकळे होतात.

भिंत जेमतेम दीड इंच जाड. बाहेर फायबरग्लासचं पातळ शीट, मागे सुमारे ३ मिमी लुआन प्लायवूड, मध्ये ॲल्युमिनियमच्या चौकोनी नळ्या आणि थर्माकोल, आत परत लुआन आणि त्यावर व्हिनाइलचा वॉलपेपर. सगळं दाबून चिकटवलेलं. हलकी, टणक, दिसायला गुळगुळीत. पण लुआन भिजलं की त्याचे पदर सुटतात, बाहेरचं शीट फुगतं, आणि ही भिंत उघडून वाळवता येत नाही. लाकडी चौकटीवर नालीदार पत्रा ठोकलेली जुनी पद्धत गावठी दिसते, कुजतेही. मात्र पत्रा काढून कुजलेली पट्टी बदलता येते. लुआनऐवजी ॲझडेल (प्लास्टिक आणि काचतंतूंचं, लाकूड नसलेलं शीट) असेल तर भिंत कुजत नाही. खालच्या प्लायवूडच्या फ्लोअरला ती हमी नाही.

बुरशी दिसली म्हणजे गळतीच, असं नव्हे. थंडीत ॲल्युमिनियमच्या नळ्या गार पडतात, आतून त्यांच्यावर दव धरतं आणि काळेपणा नळीच्या रेषेत, सरळ पट्ट्यात उमटतो. त्यात शेगडीत १ किलो प्रोपेन गॅस जळला की साधारण १.६ किलो पाणी वाफ होऊन हवेत येतं. कुकरच्या शिट्ट्या वेगळ्याच. कॅबवरच्या बेडची गादी थेट प्लायवर टेकलेली असेल तर ती खालून आधी काळी पडते. याला खर्च फार नाही: गादीखाली लाकडी पट्ट्या, स्वयंपाक करताना छताचा पंखा चालू, एक खिडकी बोटभर उघडी, आर्द्रता ५०% च्या आत. उबेसाठी शेगडी पेटवू नका. वाफ तर वाढतेच, कार्बन मोनॉक्साइडचा धोका त्याहून मोठा.

गळतीचा डाग वरून ओघळतो. खिडकीचे खालचे कोपरे, छताची कड आणि वरच्या बेडच्या पुढच्या टोकाला क्लिअरन्स लाइटच्या (गाडीची उंची-रुंदी दाखवणाऱ्या छोट्या दिव्यांच्या) मागची जागा आधी बघा. बाहेरून गाल भिंतीला लावून टॉर्चचा तिरपा उजेड टाकला की फुगवटा सावलीतून कळतो. ओल मोजायला पिनवालं मीटर घ्या, बिनपिनचं नळीवर उगाच ओलं दाखवतं. आधी नक्की कोरड्या जागेचा आकडा घ्या. प्लायवर १५% पर्यंत ठीक, २०% च्या वर गेला तर पाणी कुठून येतंय ते शोधायलाच हवं. पिनांची भोकं पडतात, म्हणून मालकाला विचारून कपाटाच्या आत टोचा.

कोपऱ्याच्या मोल्डिंगमधली (सांधा झाकणाऱ्या धातूच्या पट्टीतली) व्हिनाइलची पट्टी उचकटून स्क्रू बघा. गंजलेले असतील तर पाणी तिथवर पोचलंय. मोल्डिंग काढून, जुना चिकटा खरवडून नवी बुटाइल टेप (पाणी अडवणारी चिकट रबरी पट्टी) आणि स्टेनलेसचे स्क्रू लावायचे. ईपीडीएम (रबरी) छतावर त्याच्यासाठीचा सेल्फ-लेव्हलिंग (आपोआप पसरून सपाट होणारा) सीलंटच, सिलिकॉन नको. सिलिकॉन एकदा लावलं की त्यावर दुसरं काही धरत नाही.

पृष्ठभागावरची बुरशी एन-९५ मास्क लावून साबणाच्या पाण्याने पुसा आणि ती जागा लगेच कोरडी करा. ब्लीचची गरज नसते. वॉलपेपरमागून डाग परत आला, तर तो वरून पुसून जाणार नाही. आणि बाहेरून हातभर फुगवटा दिसला, तर भाव कितीही पाडून मिळाला तरी ती गाडी सोडून द्या.