गोव्याच्या अंगणात जुनिपर, मोरपंखी की कुंती?

बारा महिने हिरवे राहणारे आणि फार उंच न जाणारे झुडूप शोधत रोपवाटिकेत गेलेल्या माणसाच्या नजरेत जुनिपर चटकन भरते. त्याची निळसर छटा आणि दाट पसरण्याची ढब इतर रोपांत उठून दिसते. त्याच रांगेत मोरपंखी आणि कुंतीही असतात. ती पाहिलेली-ओळखीची म्हणून मागे पडतात. या तिन्हींतून निवड करताना बहुतेक जण उन्हाचा विचार आधी करतात. गोव्यात मात्र जून ते सप्टेंबर या काळात पडणाऱ्या पावसाचे पाणी आपल्या जमिनीतून किती लवकर निघून जाते, हा प्रश्न उन्हापेक्षा कितीतरी मोठा आहे, आणि माझ्या मते निवडही त्याच्याच उत्तरावर व्हावी.

जुनिपर या नावाखाली पन्नासहून अधिक जाती येतात, आणि त्यांच्यात मोठा फरक आहे. ज्याच्या फळांना आयुर्वेदात हपुषा म्हणतात, ते सामान्य जुनिपर हिमालयात उंचावर वाढते; लडाखमध्ये जुनिपरची पाने धूप म्हणून जाळली जातात. या थंड प्रदेशातल्या जातींना हिवाळ्यात खरी विश्रांती लागते. जानेवारीच्या रात्रीही तापमान साधारण २० अंशांच्या आसपास राहणाऱ्या आपल्या किनारपट्टीत ती मिळत नाही, त्यामुळे त्यांचा नाद इथे करू नये. चीन, कोरिया आणि जपान इकडची चिनी जुनिपर मात्र उष्मा बऱ्यापैकी सोसते, आणि जपानच्या किनाऱ्यावरच्या वाळूत वाढणारी सरपटती जात खारा वाराही सहन करते. तेव्हा जुनिपर घ्यायचीच असेल, तर रोपावरच्या चिठ्ठीत जातीचे नाव पाहूनच घ्यावी.

या झुडपाचे मरण मुळांतून येते. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक चार महिन्यांत, आणि खाली जांभा. वरचा थर पातळ असेल आणि खड्डा जांभ्यातच खोदलेला असेल, तर तो खड्डा पाणी धरून ठेवणारी कोंडी होतो. अशा ओलीत बुरशीसारखे रोगजंतू मुळे कुजवतात. त्यातही फसवी गोष्ट अशी की मुळे गेल्यावरही जुनिपरची पाने कित्येक आठवडे हिरवीच दिसतात. माझे पहिले रोप मी जूनच्या आरंभी, इतर सगळी झाडे लावतात त्याच मुहूर्तावर लावले होते. चतुर्थीपर्यंत ते टवटवीत होते. ऑक्टोबरात उन्हे पडली आणि पंधरा दिवसांत सबंध तपकिरी झाले. उपटून पाहिले तेव्हा एकही पांढरे मूळ शिल्लक नव्हते. त्या रोपाचे मला आजही वाईट वाटते, कारण चूक त्याची नव्हती.

मोरपंखी जुनिपरच्याच कुळातली आहे, आणि भारताच्या मैदानी भागांत पिढ्यान्‌पिढ्या रुळलेली आहे. पाणी साचलेले तिलाही खपत नाही, पण चांगल्या उतारावर ती आपला पावसाळा काढते. तिची अडचण वेगळी आहे. अनेक उभ्या फांद्यांचा तो फुगीर शंकू पावसाने जड झाला की मधोमध उकलतो आणि पुन्हा आपोआप मिटत नाही. म्हणून मे महिन्यातच सुतळीने सैलसर बांधून घ्यावे लागते. शिवाय ती काही वर्षांत माणसाच्या डोक्यावर जाते. छाटून बुटकी ठेवू म्हणावे, तर जुनिपरप्रमाणेच तिच्या उघड्या जुन्या लाकडाला फूट येत नाही. हिरव्या भागापलीकडे कात्री गेली की तिथे कायमचे भगदाड राहते.

कुंपणासाठी मी निःसंकोचपणे कुंतीकडे बोट दाखवीन. ती अर्धी सावली सोसते, जुन्या लाकडावरूनही फुटते, आणि पावसाच्या सरीनंतर फुलली की तिचा वास बल्कांवापर्यंत, म्हणजे घरासमोरच्या ओट्यापर्यंत, येतो. एकच सावधगिरी महत्त्वाची आहे. लिंबूवर्गातल्या झाडांवर घातक रोग पसरवणारा सिला हा कीटक कुंतीवरही पोसतो, त्यामुळे परसात लिंबू किंवा तोरिंजन (पपनस) असेल तर कुंती तिथे लावू नये.

आता जागेचा विचार. सत्तरी-फोंड्याकडच्या कुळागराच्या कडेला, माडा-पोफळींच्या सावलीत, जुनिपरला मुळीच जागा नाही. तिला दिवसाचे किमान सहा तास थेट ऊन हवे. खाजनालगतच्या, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या शेतांलगतच्या, सखल जमिनीतही तिला जागा नाही. मोरजी किंवा बाणावलीसारख्या किनारी गावांत जमीन वाळूची असल्याने पाणी झिरपते, तिथे सरपटती जुनिपर वाफा थोडा उंच करून लावण्याचा प्रयत्न करण्यासारखा आहे. बाकी बहुतेक घरांत जुनिपरची योग्य जागा कुंडी हीच आहे.

कुंडी मातीची, निदान बारा इंची घ्यावी. जाडी वाळू आणि जांभ्याचे बारीक खडे मिळून निम्मे, उरलेल्यात माती आणि थोडे मुरलेले शेणखत, एवढे पुरे. कोकोपीट ओल धरते, म्हणून टाळावे. रोप ऑक्टोबरात पाऊस ओसरल्यावर लावावे, म्हणजे पुढच्या जूनपूर्वी मुळांना आठ महिने मिळतात. पावसाळ्यात खालची ताटली काढून कुंडी दोन विटांवर उचलावी आणि उजेड येईल अशा पारदर्शक पत्र्याखाली सरकवावी. मार्च ते मे मात्र उलटा धोका असतो. कोरड्या उष्म्यात लाल कोळी ही बारीक कीड लागते आणि पाने राखी, निस्तेज होतात. पांढऱ्या कागदावर फांदी झटकून सरकणारे ठिपके दिसले, तर सकाळी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने फांद्या खालून धुवाव्यात, आणि हे दर चार दिवसांनी करावे.

रोप घेताना विक्रेत्याला पिशवी उतरवून मूळ दाखवण्याची विनंती करावी. टोके पांढरी आणि घट्ट असली तरच घ्यावे. ती काळपट, मऊ असतील, तर वरची निळसर पालवी कितीही देखणी असली तरी ते रोप तिथेच सोडावे.