मेलाकेतला तिसरा हिवाळा : जेवणाला पाचपैकी सहा, गॅसला पाचपैकी एक

ज्यांना फक्त रेटिंग बघायचंय त्यांच्यासाठी : चार तारे. पाचवा गॅसने खाल्ला. बाकीच्यांनी चहा घेऊन बसा, कारण गॅसची गोष्ट सांगितल्याशिवाय मला जेवणाची सांगता येणार नाही.

आम्ही कॅनडातल्या एडमंटनचे. दोघंही साठीच्या पुढचे, हिचे गुडघे आणि माझी कंबर नोव्हेंबर लागला की संपावर जातात. समुद्र, ऊन, सूर्यास्त याबद्दल मी काही लिहीत नाही, ते सगळ्यांनी लिहून झालंय आणि ते खरंच तसं आहे. मेलाके म्हणजे मेक्सिकोतल्या हालिस्को राज्याचं खालचं टोक, विमान मात्र शेजारच्या कोलिमा राज्यातल्या मान्सानियोला उतरतं, तिथून गाडीने अर्धा-पाऊण तास. अल्बर्टाचं, म्हणजे आमच्या प्रांताचं, हेल्थ कार्ड टिकवायचं तर १२ महिन्यांत १८३ दिवस घरी राहावं लागतं, म्हणजे सहा महिन्यांच्या आत परतायला हवं. आम्ही तर साडेचार महिन्यांवर जात नाही. पहिले दोन हिवाळे हॉटेलच्या खोलीत काढले, कोपऱ्यात एक बर्नर, त्यावर खिचडी. यंदा म्हटलं नीट स्वयंपाकघर असलेलं घर घेऊ, पैसे वाचतील. इथेच चुकलं.

१३ जानेवारी, भोगी. हिने तियांगिसमधून म्हणजे आपल्या आठवडी बाजारातून तीळ आणले होते, आणि पिलोन्सियो, म्हणजे गूळच, फक्त ढेपेऐवजी छोट्या शंकूच्या आकाराचा. तीळ भाजून झाले, गूळ पातेल्यात विरघळला, पाकाला बुडबुडे यायला लागले आणि ज्योत निळीची पिवळी, पिवळीची करंगळीएवढी, आणि फट् करून बंद. पाक गोळीबंद व्हायच्या दोन मिनिटं आधी. ही माझ्याकडे बघते, मी शेगडीकडे.

इथे गॅसची टाकी गच्चीवर असते, मोठी आडवी, त्यावर टक्क्यांचा गेज. मी २६ वर्षं रिफायनरीत इन्स्ट्रुमेंटचं काम केलंय, आयुष्यभर गेजच वाचलेत. वर चढून बघतो तर काटा ५ च्या खाली. नोव्हेंबरात आलो तेव्हा ७० वर होता, मी स्वतः बघितलेला. दोन माणसांचा चहा आणि वरणभात दोन महिन्यांत एवढा गॅस पिऊच शकत नाही. मग पाइपचा माग काढला तर एक फाटा वरच्या घरात, तिथे गिझर आणि कपडे वाळवायचं मशीन, दोन्ही गॅसवर. टाकी एक, घरं दोन, आणि हे करारात कुठेही नाही.

घर सांभाळणारा माणूस स्वभावाने चांगला. म्हणाला, आओरिता. या शब्दाचा शब्दकोशातला अर्थ 'आत्ताच', पण आपल्याकडे प्लंबर फोनवर 'निघालोच' म्हणतो ना, त्यातला 'च' म्हणजे आओरिता. नऊ दिवस. रोज सकाळी गॅसचा ट्रक भोंगा वाजवत गल्लीतून जायचा आणि मी फाटकात उभा राहून त्याच्याकडे बघायचो, कारण मालकाच्या परवानगीशिवाय टाकी भरता येत नाही आणि मालक दुसऱ्या शहरात.

आता जेवणाकडे येतो. नऊ दिवस चूल बंद म्हणजे बाहेर खाणं आलं, आणि बाहेर म्हणजे बीचवरचं नाही, तिथला मेनू इंग्रजीत आणि भाव डॉलरवाल्यांसाठी. आम्ही दोन गल्ल्या आत गेलो. तिथे एक फोंदा आहे, प्लॅस्टिकची चार टेबलं, भिंतीवर कॅलेंडर, आणि दुपारी २ ते ४ कोमिदा कोर्रिदा. ज्यांनी पुण्या-मुंबईत खानावळीत दिवस काढलेत त्यांना समजावायची गरज नाही, राइसप्लेटच. आधी शेवयांचं पातळ सूप, मग लालसर भात, मग दोन-तीन रश्श्यांतला एक, बाजूला काळ्या घेवड्यासारखा फ्रिहोलेस, फडक्यात गुंडाळलेल्या तोर्तिया, म्हणजे मक्याच्या पातळ भाकऱ्या, आणि एक मोठा ग्लास सरबत. ९० पेसो. कॅनडाच्या डॉलरला साधारण १३ पेसो धरले तर सात डॉलर. एडमंटनला सात डॉलरमध्ये कॉफी आणि एक अपमान मिळतो.

सरबत लाल होतं. हिने एक घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवून म्हणाली, अहो ही अंबाडी आहे. ही यवतमाळची, लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत लहानपणी आजीकडे प्यायलेली. इथे त्याला हमाइका म्हणतात, वाळवलेली बोंडं बाजारात किलोवर मिळतात. मी कोकणातला, मला त्यातलं काही कळत नाही, पण त्या दिवशी हिने तीन ग्लास प्यायले आणि गॅसचा विषय काढला नाही, हे मी नोंदवून ठेवतो.

आणि 'प्रोवेचो'. कुणी जेवून उठलं की जाताना बाकीच्या टेबलांवरच्या अनोळखी माणसांना म्हणतं, प्रोवेचो. पहिल्या दिवशी मला वाटलं काही मागतायत. मग लक्षात आलं, आपल्या पंगतीतलं 'सावकाश होऊ द्या' आहे हे. एडमंटनला ३१ वर्षांत मला जेवताना कुणी काही म्हणालेलं नाही.

तोर्तियांबद्दल थोडं जास्त लिहितो, गॅसखालोखाल मी त्यावरच सगळ्यात जास्त विचार केलाय. कॅनडात पाकिटात मिळते ती तोर्तिया नव्हे, तो पुठ्ठा. इथे कोपऱ्यावर तोर्तियेरिया असते, मशीन कुरकुरत फिरतं, पट्ट्यावरून गरम तोर्तिया येतात आणि किलोवर विकतात, २४ पेसो. घरून फडकं नेलं तर उत्तम, नाहीतर कागदात देतात. आमच्या कोपऱ्यावरची बाई मका रात्री चुन्याच्या पाण्यात शिजवून भिजत घालते. चुना म्हणजे तोच, पानाला लावतो तो. सकाळी धुतला की साल सुटून येते, मग दळतात, पिठाला चिकटपणा येतो. मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व चुन्यामुळेच अंगी लागतं. हे न करता नुसता मका खाणाऱ्या देशांत माणसं पेलाग्राने, म्हणजे नायसिन कमी पडल्याच्या रोगाने, आजारी पडली. आणि तव्यावर टाकली की चांगली तोर्तिया फुगते, अगदी भाकरीसारखा पापुद्रा सुटतो. आमच्या आईची भाकरी फुगली नाही तर ती ती कुत्र्याला घालायची. या बाईचं मशीन असून तोच बाणा, न फुगलेल्या ती बाजूला काढून ठेवते.

बाजारातली लिंबंवाली मला 'वेरो' म्हणून हाक मारते. वेरो म्हणजे गोरा. आमच्याकडे माझ्या लग्नात 'मुलगा सावळा आहे पण नोकरी चांगली' असं बोलणं झालेलं. बाजारात सगळ्याच गिऱ्हाइकांना तसं म्हणतात हे नंतर कळलं, तरी मी त्या बाईकडूनच लिंबं घेतो.

*फेब्रुवारीतली भर*

वरचं सगळं जानेवारीत लिहून ठेवलं होतं, आता थोडं मत बदललंय. फोंदाला मी पैकीच्या पैकी दिले होते, त्यातला अर्धा परत घेतला होता आणि आता पुन्हा दिला. कारण मांतेका. मांतेका म्हणजे डुकराची चरबी. ही मासे-मटण खाते पण सोमवार-गुरुवार पाळते, आणि डुक्कर कधीच नाही. तिसऱ्या आठवड्यात कळलं की परतून घोटलेला फ्रिहोलेस बऱ्याचदा मांतेकातच करतात, आणि तो लालसर भात कोंबडीच्या पाण्यात. म्हणजे दोन गुरुवार गेले. हिने मला दोन दिवस गुन्हेगारासारखं वागवलं, जणू मीच फोडणी घातली. 'बिनमांसाचं द्या' म्हटलं तर कोंबडी देतात, कारण मांस म्हणजे त्यांच्या लेखी गाय-डुक्कर. वाक्य नेमकं हवं : सिन मांतेका, सिन काल्दो दे पोयो, म्हणजे डुकराची चरबी नको, कोंबडीचं पाणी नको. आणि फ्रिहोलेस 'दे ला ओया' मागायचा, म्हणजे नुसता मडक्यातला उकडलेला, तरी विचारून घ्यायचंच. फोंदाची बाई आधी हसली, मग तिने दर सोमवारी-गुरुवारी हिच्यासाठी छोटं पातेलं वेगळं ठेवायला सुरुवात केली, वर कांदा-कोथिंबीर. पैसे तेवढेच.

त्यात महाशिवरात्र आली, २६ फेब्रुवारी, बुधवार, म्हणजे मेलाकेचा बाजाराचाच दिवस. ही पिशवी घेऊन गेली आणि तासाभरात उपासाचं सगळं घेऊन आली. रताळी, शेंगदाणे, बटाटे, हिरव्या मिरच्या, आणि आलेग्रिया नावाच्या वड्या, ज्या हुबेहूब राजगिऱ्याच्या वड्या आहेत, कारण त्या राजगिऱ्याच्याच वड्या आहेत. मग बसून हिशोब केला. राजगिरा इथला, मिरची इथली, रताळं, शेंगदाणा, बटाटा, साबुदाण्याचा कंद हे सगळं अमेरिका खंडातलं, पोर्तुगीज-स्पॅनिश लोकांच्या जहाजांतून जगभर गेलेलं. भगर सोडली तर आपल्या उपासाच्या ताटात आपलं फारसं काही नाही. चिकूसुद्धा मूळचा या भागातला. हिला हे पटलं नाही, म्हणाली महादेवाला कुठे पासपोर्ट लागतो.

माशांचं थोडक्यात, कारण त्याला तक्रारच नाही. सिएर्रा नावाचा मासा म्हणजे आपल्या सुरमईचा चुलतभाऊ, तो अगदी बारीक चिरून लिंबात मुरवतात, गाजर-कांदा घालून कुरकुरीत तोस्तादावर, म्हणजे कडक केलेल्या तोर्तियावर, देतात. हा कोलिमाकडचा सेविचे. मी मालवणचा, कच्चा मासा म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला होता. आता सकाळी ११ ला दोन, असा नेम आहे. तांबोशीच्या जातीचा पार्गो चिरून, पसरून, निखाऱ्यावर भाजतात, तो फक्त पाहुणे आले की, कारण महाग.

शेजारच्या बार्रा दे नाविदादला गुरुवारी बाजार असतो, बसने जातो. तिथे एकजण भोपळ्याच्या तुंब्यातून तुबा विकतो, म्हणजे माडाचा रस, वर सफरचंदाचे तुकडे आणि शेंगदाणे. सकाळी गोड, दुपारनंतर आंबटायला लागते. मी म्हटलं ही तर आपली माडी, इकडे कशी? तर याच खाडीतून २१ नोव्हेंबर १५६४ ला लेगास्पी या स्पॅनिश दर्यावर्दीची जहाजं फिलिपिन्सला गेली, त्यानंतर अडीचशे वर्षं मनिलाची गलबतं ये-जा करत होती, त्यांच्यातून आलेल्या फिलिपिनो लोकांनी इथल्यांना माड छेदायला शिकवलं. शेंगदाणे कशाला घालतात ते मात्र मला पटलेलं नाही.

*मार्चमधली भर, आणि बिल*

५ मार्चपासून त्यांचा लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपासाचा काळ, सुरू झाला. ईस्टरपर्यंतच्या शुक्रवारी मांस नाही, म्हणजे हिची चंगळ. फोंदात नोपाल म्हणजे निवडुंगाच्या फडांची भाजी (बुळबुळीत, भेंडी आवडत असेल तर आवडेल), वाळक्या सुकटीचे वडे, आणि कापिरोतादा. शिळा पाव, गुळाचं पाणी, चीज, शेंगदाणे, मनुका, सगळं थरावर थर लावून भाजलेलं. शिळ्या पोळीचा गूळ-तूप घालून कुस्करा ज्या घरात होतो त्या घरात फोंदाची बाई सून म्हणून चालली असती. चीज गुळात का हे विचारू नका, खा.

मोल्काहेतेही घेतलं, तीन पायांचं काळ्या दगडाचं खलपात्र. नवीन पाट्यासारखंच, आधी तांदूळ चार-पाच वेळा वाटून टाकायचे, पीठ पांढरं निघेपर्यंत, नाहीतर ठेच्यात कचकच. वजन साडेपाच किलो, हँडबॅगेत आणलं, त्यावरून विमानतळावर झालेली चर्चा इथे नको.

आता बिल. अनामत परत मागितली तर त्यातून गॅसचे २,३६० पेसो कापलेले. आमच्या वाट्याचे म्हणे ११८, दर २०. मी विचारलं ११८ काय? लिटर. आणि २० कशाचे? किलोचे! अहो, गच्चीवरची टाकी लिटरवर भरतात, सिलिंडर किलोवर. एक लिटर गॅस साधारण ५४० ग्रॅम भरतो. लिटरचा दर तेव्हा १०.८० च्या आसपास होता, आणि कमाल भाव सरकार दर आठवड्याला जाहीर करतं, कुणालाही बघता येतो. म्हणजे १,२७४ व्हायला हवे, १,०८६ जास्त घेतले. वरच्यांच्या ड्रायरचा विषय तर मी अजून काढलेलाच नाही.

यासाठी मी तीन आठवडे दिले. मुलगा फोनवर म्हणतो, बाबा, ऐंशी डॉलरसाठी? मी म्हटलं, तत्त्वाचा प्रश्न आहे, आणि ऐंशी नाही, त्र्याऐंशी. शेवटी त्या सांभाळणाऱ्या माणसाच्या खणातून ट्रकवाल्याची छापील पावती निघाली, त्यावर लिटर, दर, सगळं स्वच्छ. तिचा फोटो मालकाला पाठवला. १७ मार्चला सान पात्रिसियोची, म्हणजे सेंट पॅट्रिकची जत्रा, पहाटे ५ पासून फटाके, त्या आवाजात त्याचा मेसेज आला की बरोबर आहे, चूक झाली, १,०८६ पुढच्या हंगामाच्या भाड्यात वळते करतो. रोख देत नाही.

हिला सांगितलं. ही तोर्तिया गरम करत होती. म्हणाली, बरं झालं, तुम्हाला परत यायला कारण लागत होतं ना.

फोंदाच्या बाईला नोव्हेंबर सांगून आलोय. पावतीची लॅमिनेट केलेली प्रत पासपोर्टच्या पाकिटात आहे. ज्यांना हेच घर घ्यायचंय त्यांनी पहिल्या दिवशी गच्चीवर जाऊन गेजचा फोटो काढावा, शिडीची तिसरी पायरी उजवीकडून ढिली आहे.