फ्लोरेन्समध्ये एक दिवस अचानक मोकळा मिळाला तर लुक्का की सिएना?

फ्लोरेन्सला चार दिवस होतो, त्यात एक सोमवार आला. उफिझी हे चित्रांचं मोठं संग्रहालय सोमवारी बंद, डेव्हिडचा पुतळा जिथे आहे ती अकादेमियापण सोमवारी बंद, आणि हे कळलं तेव्हा सकाळचे आठ वाजलेले, सासूबाई आवरून पर्स घेऊन बसलेल्या, मुलगा विचारतोय कुठे जायचं. नवरा म्हणाला स्टेशनवर जाऊ आणि बघू, तसेच निघालो आणि लुक्काला पोचलो. दोन वर्षांनी परत फ्लोरेन्सला गेलो तेव्हा असाच एक दिवस रिकामा निघाला आणि सिएनाला गेलो. म्हणजे दोन्ही गावं काहीही न ठरवता बघून झाली, आणि मला खूप जण हेच विचारतात की एकच दिवस असेल तर कुठलं, म्हणून नीट लिहिते.

माझं मत आधीच सांगून टाकते. तयारी न करता निघताय तर लुक्का. सिएना जास्त भव्य आहे, मनापासून सांगते, पण तिथे अर्धा दिवस घाईघाईत घालवणं म्हणजे त्या गावावर अन्याय आहे.

जाण्यायेण्याचं बघा. लुक्काची रीजनल ट्रेन फ्लोरेन्सच्या सांता मारिया नोव्हेल्ला स्टेशनवरून सुटते, प्रातो, पिस्तोइया करत साधारण सव्वा ते दीड तासात पोचते. रीजनलला रिझर्व्हेशन नसतं, आयत्या वेळी तिकीट काढलं तरी भाव तोच, फक्त कागदी तिकीट असेल तर चढायच्या आधी प्लॅटफॉर्मजवळच्या मशीनमध्ये शिक्का मारून घ्या, नाहीतर दंड बसतो. लुक्का स्टेशनच्या बाहेर आलात की समोरच तटबंदी दिसते, आत शिरलात की गाव सुरू, आणि सगळं सपाट. सिएनाला ट्रेनने दीड तास, पण स्टेशन खाली आणि गाव वर टेकडीवर, समोरच्या मॉलमधून एकामागून एक सरकते जिने चढत जायचं आणि तरी पुढे चालायचं राहतंच. आम्ही ट्रेनने गेलो आणि सासूबाईंचे गुडघे तिथेच बोलायला लागले, त्यानंतर गावभर नुसता चढ-उतार. सिएनाला जायचंच असेल तर बसने जा, बस वर गावाजवळ सोडते, आणि डायरेक्ट वाली पकडा, गावोगाव थांबणारी नको.

आता लुक्काबद्दल जरा जास्तच लिहिणार आहे कारण माझा जीव तिथे अडकलाय. गावाभोवती चार किलोमीटरच्या वर लांबीचा तट आहे, सोळाव्या शतकात बांधायला घेतला आणि सतराव्या शतकाच्या मध्यात पूर्ण झाला, आणि तो आपल्या किल्ल्यांच्या तटासारखा अरुंद नाही, वरून अख्खा रस्ता जातो, दोन्ही बाजूंना मोठाली झाडं, बाकं, लोक पळतायत, आज्या गप्पा मारतायत. शत्रूसाठी बांधला, पण खरा उपयोगी पडला तो 1812 च्या पुरात, सेर्किओ नदीचं पाणी चढलं तेव्हा दरवाजे बंद करून गाव वाचवलं. आम्ही सायकली भाड्याने घेतल्या, सासूबाई एका बाकावर झाडाखाली बसल्या, आणि आम्ही फेरी मारून आलो तर त्यांच्या शेजारच्या इटालियन आजींशी खाणाखुणांनी मस्त गप्पा चाललेल्या, दोघींना एकमेकींची भाषा शून्य येत होती. तो फोटो आमच्या हॉलमध्ये लावलाय.

बाकी लुक्कात ग्विनिजी टॉवर, ज्याच्या डोक्यावर चक्क ओकची झाडं आहेत, सव्वादोनशेच्या वर पायऱ्या आहेत पण वरचा वारा खाऊन बघाच. मग अंफितेआत्रो चौक, तिथे रोमन काळात अँफिथिएटर होतं, त्याच्याच पायावर पुढे घरं उभी राहिली म्हणून चौक लंबगोल आहे. ऑपेरा लिहिणारा संगीतकार पुच्चिनी, त्याचं जन्मघर पण इथलंच. तिकिटाच्या लाइनचं टेन्शन आम्हाला कुठेच आलं नाही.

सिएनात मात्र बघण्यासारखं इतकं आहे की निवडताना जीव जातो. पियाझ्झा देल काम्पो हा उतरता, शिंपल्यासारखा चौक, विटांचे नऊ भाग, कारण चौक बांधला तेव्हा सिएनावर नऊ जणांचं मंडळ राज्य करायचं. तिथे जमिनीवर बसून राहावं असंच वाटतं. कॅथेड्रल काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं, आणि त्याची जमीन म्हणजे संगमरवरात कोरलेली 56 चित्रं, पण वर्षातला बराच काळ त्यातली बरीचशी झाकलेली असतात! आम्हाला हे तिथे पोचल्यावर कळलं आणि फार हळहळ वाटली. शेजारी अर्धवट राहिलेली प्रचंड भिंत दिसते, याहून मोठं चर्च बांधायला घेतलं होतं, 1348 च्या प्लेगमध्ये निम्मं शहर गेलं आणि काम थांबलं. ती भिंत बघून मी गप्पच झाले. लोरेन्झेत्ती या जुन्या चित्रकाराची चांगल्या आणि वाईट राज्यकारभाराची भित्तिचित्रं नगरपालिकेच्या वाड्यात आहेत, त्यालाच नीट तास हवा.

खाण्याचं, शाकाहारी लोकांसाठी खास. लुक्कात चेचिना शोधा, हरभऱ्याच्या पिठाचं भट्टीत भाजलेलं जाडसर धिरडं, गरम गरम, वर मिरपूड, सासूबाईंनी दोनदा घेतलं. आणि तिथलं फार्रो म्हणजे आपला खपली गहू, त्याचं बीन्स घालून सूप करतात, फक्त डुकराचं मांस घातलंय का ते विचारून घ्या. सिएनात पीची म्हणजे हाताने वळलेल्या जाड शेवया, लसूण-टोमॅटोच्या सॉसमध्ये झक्कास लागतात, आणि घरी न्यायला बदामाची रिच्चारेल्ली. दोन्हीकडे जेवायला अडीचच्या आत बसा, नंतर किचन बंद होतात.

सिएना घ्याच, जर सकाळी आठच्या आत निघणार असाल, सगळ्यांचे पाय धड असतील आणि कॅथेड्रलची जमीन उघडी असेल, ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत बहुतेक असते, आधी त्यांच्या साइटवर तारखा बघा. फक्त 2 जुलै आणि 16 ऑगस्टला पालिओची घोड्यांची शर्यत असते, त्या दिवशी असंच उठून जाऊ नका, काम्पोत पाय ठेवायला जागा नसते. लुक्कात तशी गर्दी ऑक्टोबरच्या शेवटी कॉमिक्स फेस्टिवलला होते, तेवढे चार-पाच दिवस सोडा, बाकी कधीही सकाळी उठा आणि स्टेशन गाठा.