परदेशी ऑनलाइन लिलावातून 'रेप्लिका' पिस्तूल घेतलं: ५ पैकी १ स्टार, आणि का ते सविस्तर

साइटचं नाव लिहीत नाही, कारण असल्या साइट बऱ्याच आहेत आणि सगळीकडे हीच गत आहे असं आता कळलंय. एक स्टार दिलाय तो फोटोंसाठी. बारा फोटो होते, सगळे स्वच्छ, खरे, काही लपवलेलं नव्हतं. सातव्या फोटोत सगळं दिसत होतं, मला ते वाचता आलं नाही. बाकीचे चार स्टार का कापले ते सांगते, जरा लांब होईल पण नाटकवाल्यांनी तरी पूर्ण वाचा.

आमचा ग्रुप गोव्यातल्या वाळपईच्या बाजूचा. जत्रेला दरवर्षी नाटक असतं, यंदा दीपाजी राण्यांच्या पोर्तुगिजांविरुद्धच्या बंडावर करायचं ठरलं. २६ जानेवारी १८५२ ला दीपाजींनी नाणूसचा किल्ला घेतला, तो किल्ला आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे गावात ह्या विषयावर जीव टाकणारी माणसं आहेत आणि चुकीचं काही दाखवलं तर दुसऱ्या दिवशी तोंडावर सांगतात. प्रॉपर्टी (नाटकातलं सामान) माझ्याकडे असते. दुसऱ्या अंकात पोर्तुगीज अधिकारी कमरेचं पिस्तूल काढून टेबलावर ठेवतो आणि मग सात-आठ मिनिटं ते तिथेच पडून असतं, पुढच्या तीन रांगांना नीट दिसतं. प्लास्टिकचं चाललं नसतं. गुरुजी (आमचे दिग्दर्शक, निवृत्त हेडमास्तर) म्हणाले, बाय, तो काळ टोपीच्या बंदुकीचा (घोडा आपटला की पेटणारी बारीक स्फोटक टोपी), चकमकीचं नको आणि काडतुसाचं तर अजिबात नको. मग मी शोधत बसले आणि एका परदेशी लिलाव साइटवर हवं तसंच सापडलं.

वर्णनात लिहिलेलं: रेप्लिका, अँटिक, लायसन्स लागत नाही, जगभर पाठवतो. चारही गोष्टी एका ओळीत. मला वाटलं झालं काम, रेप्लिका म्हणजे नकली, नकलीला कसलं लायसन्स.

बोली ४० डॉलरपासून, ११८ ला मला मिळालं. वर २२ टक्के बायर्स प्रीमियम (खरेदीदाराकडून साइट घेते ते कमिशन), तो बोली लावताना कोपऱ्यात बारीक अक्षरात, शिपिंग ४६, सगळं मिळून १९० डॉलर, म्हणजे साधारण १६ हजार रुपये. आमच्या देवळात पावणी (लिलाव) होते तेव्हा नारळ समोर ठेवलेला असतो, हातात घेऊन वाजवून बघता येतो, कोण बोली वाढवतोय तो चेहरा दिसतो आणि पावणी घालणारा गावातलाच असतो. इथे शेवटची दोन मिनिटं घड्याळ उलटं धावतं, माणूस वाचायचं सोडून बटण दाबत राहतो. मी पण तेच केलं.

जिंकल्यावर विक्रेत्याचा मेसेज आला की तुमच्या देशात त्रास नको म्हणून पाकिटावर 'गिफ्ट, मेटल डेकोरेशन' लिहू का. मी नको म्हटलं, जे आहे ते लिहा. आज तेवढ्या एका उत्तरामुळे मी नीट झोपते. भेटवस्तूला पाच हजारांपर्यंत जी ड्युटीची सूट होती ती डिसेंबर २०१९ मध्येच काढून टाकली, राखी आणि जीवनावश्यक औषधं सोडून, त्यामुळे गिफ्ट लिहून फायदा काहीच नाही. उलट खोटं वर्णन हे कस्टम्स ॲक्टच्या कलम १११ खाली माल जप्त करायला वेगळं कारण होतं. विक्रेता मदत करतोय असं वाटतं, पण नाव तुमचं असतं.

पार्सल मुंबईत थांबलं. तीन आठवड्यांनी पत्र आलं, वस्तू काय आहे, परवाना असल्यास दाखवा, स्वतः या किंवा माणूस पाठवा. थिवीहून रेल्वे पकडली आणि गेले. ऑफिसातली माणसं सभ्य वागली, त्यांच्याबद्दल काही तक्रार नाही, त्यांचं काम त्यांनी केलं. माझ्यासमोर पिस्तूल बाहेर काढलं. दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा, सुंदर, खरंच सुंदर. मग अधिकाऱ्याने एक बारीक तार घेतली आणि जिथे टोपी बसते त्या निपलच्या भोकातून आत घातली, आणि पुढून तोंडाकडून नळीत बॅटरी मारून मला म्हणाला, बघा मॅडम. तार नळीत आलेली दिसत होती. म्हणजे वाट मोकळी होती. आतून नळी तोंडापर्यंत सरळ, कुठे बूच नाही, आडवी पिन नाही. दारू आणि गोळी ठासली, टोपी लावली आणि घोडा पाडला की ते उडणार. सातव्या फोटोत ते भोक स्पष्ट होतं, मी त्याला नक्षी समजले.

इथेच सगळी गोम आहे. आर्म्स ॲक्ट १९५९ चं कलम २ वाचा, त्यात वस्तूचं वय किंवा नाव विचारत नाहीत. स्फोटकाच्या किंवा दुसऱ्या कुठल्या ऊर्जेच्या जोरावर काही फेकण्यासाठी बनवलेलं किंवा तसं करून घेतलेलं, ते फायरआर्म. कालच्या कारखान्यात दीडशे वर्षांपूर्वीच्या डिझाइनवर बनवलं तरी उडत असेल तर ती बंदूक. आणि सत्तरी तालुक्यात राहणाऱ्या बाईला हे कुणी सांगायची गरज नव्हती खरं तर, आमच्याकडे ठासणीची बंदूक म्युझियममधली वस्तू नाही, शेतराखणीसाठी लायसन्सवर अजून बऱ्याच घरांत आहे, रानडुकरावर चालते. रंजक, गज, टोपी हे शब्द मी लहानपणापासून ऐकलेत. तरी 'रेप्लिका' हा शब्द वाचला आणि माझं डोकं खेळण्याकडे गेलं.

मग विक्रेता खोटं बोलला का? नाही, आणि हेच जास्त वाईट. तो त्याच्या देशाचं खरं सांगत होता. अमेरिकेच्या १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टमध्ये १८९८ पर्यंत बनलेली हत्यारं 'अँटिक' धरतात, आणि काळ्या दारूवर चालणारी तोंडाकडून भरायची नवी बंदूक सुद्धा त्यातच बसते, ती साधं काडतूस वापरू शकत नसेल तर. त्यामुळे फेडरल कायद्याने तिथे ती पोस्टाने घरी येते. ब्रिटनमध्ये वेगळंच, तिथे २००६ च्या कायद्याने खऱ्यासारखी दिसणारी नकली बंदूक विकणं, आयात करणं १ ऑक्टोबर २००७ पासून गुन्हा आहे, पण नाटक, सिनेमा, म्युझियम आणि ऐतिहासिक प्रयोगांना सूट, आणि १८७० च्या आधीच्या घडणीचं असेल तर ते ह्या बंदीत येतच नाही. म्हणजे एकच पिस्तूल, अमेरिकेत फेडरल कायद्याने बिनलायसन्सचं आणि इथे लायसन्सचं हत्यार. साइटवर मात्र सगळ्यांना एकच ओळ दिसते, लायसन्स लागत नाही. कुणाच्या देशात लागत नाही ते लिहायला चार शब्द लागले असते. ह्यासाठी मी दोन स्टार कापले.

आपल्याकडे पण जुन्या वस्तूंना सूट आहे, आर्म्स ॲक्टचं कलम ४५, पण शब्द नीट वाचा: कालबाह्य घडणीचं, पुराणवस्तू म्हणून मोलाचं किंवा मोडकं, आणि जे दुरुस्त करून किंवा न करता फायरआर्म म्हणून वापरता येणार नाही असं. ह्यात 'दुरुस्त करून' हे दोन शब्द सगळ्यात महत्त्वाचे. गंजलं, घोडा तुटला, एवढ्याने भागत नाही. आणि खरोखर शंभर वर्षांवरचं असेल तर १९७२ चा पुराणवस्तूंचा कायदा वेगळा आहे, बिनपरवाना धंदा करता येत नाही आणि देशाबाहेर तर पाठवताच येत नाही, त्यामुळे आजोबांच्या भिंतीवरचं काही लिलावात टाकायचा विचार कुणाच्या मनात असेल तर आधी थांबा.

पणजीत ओळखीच्या वकीलभाऊंकडे गेले, त्यांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या ज्या मला कुठेच वाचायला मिळाल्या नव्हत्या. मी म्हटलं, भाऊ, मला नकोच ते, तिथेच ठेवा म्हणून लिहून देते, विषय संपला. ते म्हणाले, नाही संपत. कस्टम्स ॲक्टच्या कलम २३ मध्ये माल सोडून द्यायची सोय आहे, पण ज्या मालाबाबत गुन्हा झाल्यासारखा दिसतो तो असा सोडता येत नाही. दुसरं, मी म्हटलं पार्सल तर माझ्या हातात आलंच नाही. त्यावर त्यांनी गुनवंतलालची १९७२ ची केस काढली, सुप्रीम कोर्ट म्हणतं ताबा म्हणजे हातात असणंच नव्हे, वस्तूची जाणीव आणि तिच्यावर हुकूम चालणं महत्त्वाचं. बिनलायसन्स फायरआर्म बाळगण्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान २ वर्षं, जास्तीत जास्त ५ वर्षं शिक्षा आणि दंड आहे. ऐकून मला घाम फुटला. घरी दोन मुलं, एक दहावीला.

तिसरी गोष्ट मीच विचारली, कारण ग्रुपमधल्या एका पोराने सुचवलेलं की न उडणारं मागवू आणि थोडं ड्रिल मारून धूर काढू, सीन भारी होईल. वकीलभाऊ खुर्चीतून उठलेच. नकली बंदुकीचं खऱ्यात रूपांतर करणं हा आर्म्स ॲक्टच्या कलम ६ चा विषय, त्याची शिक्षा आता किमान ७ वर्षं ते जन्मठेप. धुरासाठी ड्रिल मारलं काय नि गोळीसाठी मारलं काय, नळी मोकळी झाली की झाली. तो पोरगा बावीस वर्षांचा आहे, मनात वाईट काही नव्हतं, पण हे त्याला कुणी तरी सांगायला हवं होतं.

नोटीस आली, उत्तर दिलं, सोबत नाटकाची संहिता, लिलावाच्या पानाचे प्रिंट, विक्रेत्याला मी 'जे आहे ते लिहा' म्हटलेला मेसेज, सगळं जोडलं. पिस्तूल जप्त, ५ हजार दंड. पोलिसांपर्यंत गेलं नाही. अपिलाला ६० दिवस असतात पण मी केलं नाही, त्या वस्तूसाठी भांडायचं काय. वकील, रेल्वेच्या दोन खेपा, दंड, मूळ १६ हजार, हिशोब तुम्हीच करा. ग्रुपच्या खात्यात तेवढे पैसे वर्षभरात जमतात.

आता साइटची वागणूक. रिफंड मागितला तर उत्तर आलं की माल जसा आहे तसा विकला, आयातीचे नियम बघणं खरेदीदाराचं काम, अटी क्रमांक अमुक. प्रीमियमचे २६ डॉलर तरी द्या म्हटलं, तर सेवा पूर्ण झाली म्हणे. पत्ता भारताचा टाकल्यावर बंदुकांच्या विभागातली बोली अडवायची किंवा निदान एक इशारा दाखवायचा, एवढं त्यांना जमत नाही हे मला पटत नाही, कारण त्याच साइटवर दारूच्या बाटलीवर बोली लावायला गेलं तर देश बघून अडवतात. उरलेले दोन स्टार इथे गेले. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन केला, तिथल्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. २०२० चे ई-कॉमर्स नियम भारतातल्या ग्राहकांना पद्धतशीर माल विकणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही लागू आहेत, म्हणून तक्रार नोंदवली आहे, अजून चालू आहे.

कुणी विचारेल की मग न उडणारी धातूची शोपीस तरी मागवावी का. स्पेनच्या मिनोर्का बेटावर बनणाऱ्या झिंकच्या मिश्रधातूच्या शोपीस जगभर खपतात आणि त्या उडत नाहीत हे खरं. पण लिलावात कुठल्या कंपनीचं म्हणून काय येईल ते तुमच्या नशिबावर, आणि फोटोवरून नळी बंद आहे की नाही ते कस्टम्सचा माणूस मान्य करणार नाही. खेळणं म्हणून मागवलं तर १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे, तिथे अडकेल. सुटे भाग म्हणून नळी किंवा लॉक (घोड्याची यंत्रणा) वेगळं मागवू नका, कायद्यात भाग सुद्धा हत्यारातच मोजतात. आणि बाहेरगावी प्रयोग असेल तर नकली पण विमानात केबिनमध्ये नेऊ नका, दाबोळी असो की मोपा, काढून घेतील.

आम्ही शेवटी काय केलं ते सांगते. गावातल्या मेस्तमामांकडे (आमचे सुतार) गेले, फोटो दाखवले. त्यांनी फणसाच्या लाकडात अख्खं पिस्तूल एकसंध कोरलं, नळी फक्त पुढून अर्धा इंच खोल, मागे सगळं भरीव लाकूड. घोडा लाकडाचाच, स्क्रूवर फिरतो पण काही आपटत नाही. काळ्या रंगात थोडं ग्रेफाइट मिसळून वरून मेण घासलं, पितळेच्या जागी जुन्या समईचा पत्रा. १,८०० रुपये आणि चार दिवस. टेबलावर ठेवल्यावर आवाज हलका येत होता, ठक्क होत नव्हतं, म्हणून दस्त्यात खालून भोक पाडून मासे पकडायच्या जाळ्याचं शिसं भरलं. आता टेबलावर पडलं की पाठच्या रांगेपर्यंत ऐकू येतं. गुरुजींनी हातात घेऊन दोनदा उलटंपालटं केलं आणि काही न बोलता परत टेबलावर ठेवलं, ते असं करतात तेव्हा पसंत असतं.

मेस्तमामांना ५ पैकी ५. मापं मी कागदावर उतरवून ठेवली आहेत, कुठल्या ग्रुपला हवी असतील तर खाली लिहा, फोटो काढून पाठवते.