५.१ आवाज रेकॉर्ड करायचाय? मग हा जुना डबाच घ्या (हॉपॉग एचडी पीव्हीआर)

एचडी व्हिडिओ कॉम्प्युटरवर घ्यायला आता काही लागत नाही, बोटाएवढं एचडीएमआय कॅप्चर कार्ड पुण्याच्या तपकीर गल्लीत कुठेही मिळतं आणि बॉक्सवर १०८०पी छापलेलं असतंच. भानगड आवाजाची आहे. मला पीएस३ (प्लेस्टेशन ३) चे गेम ५.१ सकट, म्हणजे पाच स्पीकर आणि एक वूफर अशा सहा चॅनेलच्या आवाजासकट, रेकॉर्ड करायचे होते, दुकानदार म्हणे, "दादा, एचडीएमआय आहे ना, मग सगळा आवाज येणारच की!" केबलमधून येतो हो, ८ चॅनेलपर्यंत येतो, पण ही स्वस्तातली कार्डं समोरच्या मशीनला आधीच सांगून टाकतात की आम्हाला स्टिरिओच झेपतं, मग मशीन पण दोनच चॅनेल पाठवतं. त्यात पीएस३ च्या एचडीएमआयला एचडीसीपीचं (कॉपी रोखणारं) कुलूप, म्हणजे चित्राचीही बोंब. कोणी म्हणेल ओबीएसमध्ये (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) ५.१ सिलेक्ट कर की, केलं तर फाइल सहा चॅनेलची दिसते खरी पण आत येतं ते स्टिरिओच, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

म्हणून हा सेकंडहँड एचडी पीव्हीआर, म्हणजे हॉपॉग कंपनीचा व्हिडिओ रेकॉर्ड करायचा डबा, घेतला. २००८ सालचा माल आहे, एचडीएमआय नाहीच, चित्र कंपोनंट केबलने (लाल-हिरव्या-निळ्या पिनांची जुनी केबल) आणि आवाज ऑप्टिकलने (उजेडातून आवाज नेणारी केबल) घ्यायचा. पण याची खरी गंमत म्हणजे ऑप्टिकलमधून आलेला डॉल्बी डिजिटल (दाबून पाठवलेला ५.१ आवाज) हा डबा जसाच्या तसा फाइलमध्ये टाकतो, उलगडत नाही, परत दाबत नाही. व्हिडिओ एच.२६४ मध्ये (दाबलेल्या व्हिडिओचा एक प्रकार) आणि तो सुद्धा डब्यातच तयार होतो, त्यामुळे जुना लॅपटॉप पण घाम न गाळता रेकॉर्ड करतो.

जोडताना दोन गोष्टी बघा. कंपोनंट केबलला लाल पिना दोन असतात, एक चित्राची एक आवाजाची, अदलाबदल झाली की रंगांचा पार विचका. आणि नवीन ऑप्टिकल केबलच्या टोकांवर पारदर्शक प्लास्टिकची टोपी असते ती काढा, दुसऱ्या टोकाला लाल उजेड दिसला पाहिजे. मग पीएस३ च्या साउंड सेटिंगमध्ये ऑप्टिकल निवडून डॉल्बी डिजिटल ५.१ वर टिक ठेवा आणि डीटीएसची (डॉल्बीसारखाच दुसरा प्रकार) काढा. नुसता पीसीएम (न दाबलेला आवाज) ठेवलात तर ऑप्टिकलमधून स्टिरिओच जाणार, त्या वायरीची लायकीच तेवढी.

खात्री कानाने करू नका, लॅपटॉपच्या स्पीकरवर काय डोंबल कळणार आहे. फाइल व्हीएलसीमध्ये उघडून कोडेक इन्फर्मेशन बघा, चॅनेल्ससमोर ३एफ२आर/एलएफई आलं की जिंकलात, म्हणजे पुढे तीन मागे दोन आणि वूफर वेगळा. माझ्याकडे ते दिसलं तेव्हा फार बरं वाटलं, रिसीव्हरला लावून ऐकलं तर गेममधलं हेलिकॉप्टर बरोबर सोफ्याच्या मागून येतंय!

आता कमी काय ते पण सांगतो. १०८०आय पर्यंतच जातो (ओळी एकाआड एक पाठवतो), १०८०पी (सगळ्या ओळी एकदम) नाही, पण पीएस३ चे बहुतेक गेम ७२०पी चेच आहेत त्यामुळे मला फरक पडत नाही. कॉम्प्युटरवरचं चित्र थोडं मागे असतं, ते बघून खेळायला गेलात तर मेलातच, डब्याला कंपोनंट आउट आहे ते टीव्हीला लावून खेळा. १३.५ एमबीपीएसला तासाला साधारण ६ जीबी जातात, फॅट३२ वाल्या (जुन्या फॉरमॅटच्या) पेनड्राइव्हवर ४ जीबीच्या वरची फाइल बसतच नाही. आणि एडिटिंग... बरीच साधी सॉफ्टवेअर एक्सपोर्ट करताना ५.१ चं गुपचूप स्टिरिओ करून टाकतात, मी एफएफएमपेगने (कमांड टाइप करून चालवायचं सॉफ्टवेअर) कॉपी मोडमध्ये नुसतं कापतो, आवाजाला हातच लावत नाही.

पीएस५ वाल्यांनी मात्र या नादाला लागू नये, त्याला ऑप्टिकल पण नाही आणि कंपोनंट पण नाही. किंमत लिहीत नाही, गल्लीत जुन्या मालाचा भाव गिऱ्हाइकाचं तोंड बघून ठरतो, फक्त अडॅप्टर आणि पीएस३ ची कंपोनंट केबल सोबत मागून घ्या आणि गाडी लांब लावून चालत जा.